वर्षातून दोन इंजेक्शने की रोजची गोळी?

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

'माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. त्याच्या दोन वर्षे आधी कारखान्यातल्या आरोग्य शिबिरात त्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २०४ आले होते, पण तेव्हा काही त्रास नसल्याने आम्ही तो कागद कपाटात ठेवून दिला. अटॅकनंतर कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ही गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांनी एलडीएल १०८ आले. डॉक्टर म्हणाले, ते ५५ च्या खाली हवे. पुढे त्यांचे पाय फार दुखू लागले, म्हणून दोन महिन्यांपासून त्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलेली नाही. मागच्या आठवड्यात मी तपासणी करून घेतली, तर एलडीएल १९६. पुण्याचे माझे धाकटे दीर म्हणतात, आता वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन निघाले आहे, ते घेतले की गोळ्यांची कटकट संपते. एका इंजेक्शनाला लाखाच्या घरात खर्च आहे असे कळले. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी का? माझे सासरे ४९ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले, त्यामुळे मला रात्र रात्र झोप लागत नाही. मुलगा १९ वर्षांचा आणि मुलगी १४ वर्षांची आहे.'

ताई, तुमचे पत्र वाचताना मी इंजेक्शनाच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्याआधीच एका वाक्यापाशी थांबलो. 'दोन महिन्यांपासून त्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत,' असे तुम्ही लिहिले आहे. गोळ्या म्हणजे नेमक्या कोणत्या? फक्त कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली असेल, तर त्यावर पुढे सविस्तर बोलूच. पण त्याच रागात त्यांनी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्याही बाजूला ठेवल्या असतील, म्हणजे ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला दिलेली क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, तर हे पत्र पुढे वाचण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटला पहिले वर्षभर सामान्यतः या दोन्ही गोळ्यांचा आधार लागतो, आणि तो मध्येच काढून घेतला तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे हळूहळू नुकसान करते, ही गुठळी मात्र काही मिनिटांत घात करते. डॉक्टर रागावतील या संकोचाने पुष्कळ माणसे ही गोष्ट लपवतात. कृपा करून लपवू नका. गोळ्या बंद करणारा रुग्ण डॉक्टरांना नवा नसतो. अडचण होते ती न कळल्यामुळे.

आता इंजेक्शनाविषयी. तुमचे दीर सांगतात ते औषध खरे आहे, ते भारतात मिळते आणि ते चांगले आहे. त्यांच्या सांगण्यातला चुकीचा भाग एवढाच, की ते घेतले की गोळ्या संपतात. ते तसे का नाही हे समजण्यासाठी यकृताच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल.

रक्तातले एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते प्रमाणाबाहेर वाढले की रोहिणीच्या अस्तराखाली शिरून साचत जातात आणि तिथेच पुढे झटक्याची तयारी होते. हे कण रक्तातून उचलण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि त्यासाठी यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे हे कण पकडून घेणारी प्रथिने, असतात. अमेरिकेतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना या ग्राहकांच्या शोधासाठी १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गल्लीत येणारी घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. ती कचरा भरून नेते, रिकामी होते आणि पुन्हा फेरीला येते. हा ग्राहकही एलडीएलचा कण घेऊन पेशीच्या आत जातो, तो तिथे टाकतो आणि पुन्हा पृष्ठभागावर परततो. गाड्या जितक्या जास्त, तितके रक्त स्वच्छ.

स्टॅटिन गटातली गोळी (यजमानांची ॲटोर्व्हास्टॅटिन त्यांपैकीच) यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावते. आत टंचाई झाली की यकृत बाहेरचे एलडीएल ओढून घेण्यासाठी जास्त गाड्या रस्त्यावर आणते, आणि रक्तातला आकडा उतरतो. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या गटातले पहिले द्रव्य वेगळे केले, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. त्यानंतर १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीने दाखवून दिले, की सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. आज ही गोळी औषधाच्या कोणत्याही दुकानात आणि जनऔषधी केंद्रातही अगदी थोड्या पैशांत मिळते, म्हणून ती हलकी वाटू लागली आहे. पण तिची किंमत उतरली म्हणून तिचे मोल उतरलेले नाही.

तरीही स्टॅटिनला मर्यादा आहे. तिची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरते. याचे एक कारण पीसीएसके९ नावाचे प्रथिन आहे. ते घंटागाडीला चिकटते, आणि मग ती गाडी फेरीला परत येण्याऐवजी कचऱ्याबरोबरच नष्ट होते. स्टॅटिनमुळे गाड्या वाढतात, तसे हे गाड्या मोडणारे प्रथिनही वाढते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना असे आढळले, की काही कुटुंबांत या प्रथिनाच्या जनुकातला बदल एलडीएल जन्मापासूनच फार चढवून ठेवतो. त्यानंतर अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी उलट बाजू पाहिली: ज्या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांमध्ये हे जनुक जन्मतःच निकामी झालेले होते, त्यांचे एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होते आणि हृदयरोगाचे प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी होते. जन्मभर थोडेसे कमी राहिलेले कोलेस्टेरॉल माणसाला किती वाचवते, याचा इतका स्पष्ट दाखला माझ्या माहितीत दुसरा नाही. पुढे तुमच्या मुलांविषयी बोलताना मला याच गोष्टीकडे परत यायचे आहे.

या शोधातूनच नवी इंजेक्शने निघाली. इव्होलोक्युमॅब आणि ॲलिरोक्युमॅब या दोन औषधांना २०१५ मध्ये परवानगी मिळाली. ती रक्तातल्या पीसीएसके९ ला पकडून ठेवतात आणि साधारण दोन आठवड्यांनी एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली घ्यावी लागतात. इव्होलोक्युमॅबच्या २७,५६४ रुग्णांवरील चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. बहुतेक सर्व रुग्ण आधीपासून स्टॅटिनवर होते, आणि त्यावर इंजेक्शन दिल्यानंतर त्यांचे एलडीएल ९२ वरून ३० पर्यंत आले. झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू आणि तत्सम घटना एकत्र मोजल्या, तर त्या १५ टक्क्यांनी घटल्या. याच आकड्याची दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी: सुमारे दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण ११ जणांना असा प्रसंग आला, आणि घेणाऱ्यांपैकी साधारण १० जणांना. फायदा निश्चित आहे, पण जाहिरातीतल्या टक्केवारीवरून वाटतो तितका अफाट तो दोन वर्षांत दिसत नाही. एलडीएल इतके खाली आले तर मेंदूवर परिणाम होईल का, असे बरेच जण विचारतात. याच चाचणीतल्या काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती वेगळी तपासली गेली, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

तुमचे दीर म्हणतात ते औषध बहुधा इंक्लिसिरॅन असावे. ते पीसीएसके९ ला रक्तात पकडत बसत नाही. यकृताच्या पेशीत हे प्रथिन बनवण्याचा जो निरोप जातो, तो निरोपच ते पुसून टाकते. आरएनए हस्तक्षेप नावाच्या या नैसर्गिक यंत्रणेच्या शोधासाठी अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ मध्ये नोबेल मिळाले होते. हा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे आणि नंतर दर सहा महिन्यांनी एक, असा क्रम असतो; म्हणजे पहिल्याच वर्षात दोन नव्हे, तीन इंजेक्शने होतात. एलडीएल त्याने निम्म्याच्या आसपास उतरते. मात्र युरोपात २०२० च्या आणि अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस त्याला जी परवानगी मिळाली, ती एलडीएल किती उतरते या पुराव्यावर मिळाली. झटके किती टळतात हे पाहणाऱ्या मोठ्या चाचण्या त्यानंतरही चालू राहिल्या. परवानगीसाठीच्या अभ्यासांतले बहुतेक रुग्ण सहन होईल तितक्या मोठ्या मात्रेत स्टॅटिन घेत होते. निम्म्याने उतरते म्हणजे कशाच्या निम्म्याने, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

तुमच्या यजमानांचेच आकडे घेऊन हिशेब करू. गोळी नसताना त्यांचे एलडीएल २०० च्या आसपास असते. गोळ्या सोडून फक्त इंजेक्शन घेतले, तर लाख रुपये खर्चूनही ते १०० च्या आसपास येईल, म्हणजे जिथे काही रुपयांच्या ॲटोर्व्हास्टॅटिनने ते सहा महिन्यांपूर्वीच आले होते, तिथेच. त्यांना ५५ च्या खाली जायचे आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अतिशय जास्त धोका असलेल्या रुग्णांसाठी हीच मर्यादा आहे, आणि झटका येऊन गेलेला माणूस त्या गटातच येतो. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा योग्यच आहे. स्टॅटिनची मात्रा वाढवून, किंवा त्याच गटातली रोझुव्हास्टॅटिन देऊन, १०८ चे १०० किंवा त्याहून थोडे खाली येतील. तिच्या जोडीला एझेटिमाइब दिली, तर उरलेल्यातले साधारण वीस टक्के आणखी उतरतील, म्हणजे ७५ ते ८० पर्यंत. एझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करते. ती २००२ पासून वापरात आहे, आणि १८,००० हून अधिक रुग्णांवर सात वर्षे चाललेल्या चाचणीत स्टॅटिनच्या जोडीला ती दिल्याने झटके आणि पक्षाघात आणखी कमी झाल्याचे २०१५ मध्ये सिद्ध झाले. ही दोन्ही औषधे एकत्र असलेली गोळीही आपल्याकडे मिळते. तिला कोणी नवे औषध म्हणून मिरवत नाही, पण तुमच्या घरासाठी आज सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे, असे मला मनापासून वाटते.

त्यापुढची पायरी बेम्पेडोइक ॲसिडची. हे खरोखरच नव्या औषधांपैकी आहे. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये परवानगी मिळाली आणि भारतीय कंपन्याही ते बनवतात. कोलेस्टेरॉल बनण्याच्या ज्या साखळीत स्टॅटिन अडथळा आणते, त्याच साखळीत थोडे आधी ते अडथळा आणते, पण ते सक्रिय होण्यासाठी लागणारे विकर यकृतात असते आणि स्नायूंत नसते. म्हणून स्नायूदुखीची तक्रार असलेल्यांसाठी ते सोयीचे ठरते. स्टॅटिन सहन न होणाऱ्या सुमारे १४,००० लोकांवरील चाचणीत हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. त्याने युरिक ॲसिड वाढते, तेव्हा यजमानांना पूर्वी कधी अंगठा सुजून गाऊटचा त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

या तिन्ही गोळ्या मिळून आकडा ६० च्या आसपास येऊ शकेल. त्यानंतरही तो ५५ च्या वरच अडला, आणि गोळ्या खरोखर रोज घेतल्या गेल्या आहेत याची खात्री असली, तर इंजेक्शनाचा विचार योग्य ठरेल. गोळ्यांनी ७५ पर्यंत आलेले एलडीएल इंजेक्शनाने निम्मे झाले, तर ते ४० च्या खाली जाईल. तिथे त्या लाख रुपयांचे चीज होईल. म्हणून एफडीच्या प्रश्नाला माझे उत्तर आज 'मोडू नका' असे आहे. आणखी एक कारण आहे. ही इंजेक्शने रोग बरा करून थांबत नाहीत. ती बंद केली की एलडीएल हळूहळू पूर्वीच्या जागी परतते. एफडी एकदाच मोडता येते आणि त्यातून दोन-तीन वर्षे निभावतील, औषध मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे लागणार आहे. हा खर्च कधी करायचा झालाच, तर तो दर वर्षी मिळकतीतून झेपतो का, एवढेच पाहा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांची पॅकेजे असतात; घरी सुरू ठेवायच्या अशा औषधांसाठी तिच्यावर विसंबून बेत करू नका.

इंजेक्शनापर्यंत गोष्ट गेलीच, तर आपल्या सोलापुरात एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी लागते. दोन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शने फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. दुकानातून घरी आणताना बर्फाची थंड पिशवी हवी, दुपारी स्कूटरच्या डिकीत ते ठेवून चालणार नाही, आणि वीज फार वेळ गेली तर काय करायचे हे आधीच विचारून ठेवायला हवे. इंक्लिसिरॅनला फ्रीज लागत नाही, आणि ते दवाखान्यातच दिले जात असल्याने ही काळजी घरच्यांवर पडत नाही.

आता पायदुखीकडे वळतो, कारण सगळे गाडे तिथेच अडले आहे. त्यांचे पाय दुखतात हे खरे आहे. कोणी 'मनाचे खेळ आहेत' म्हणून त्यांना गप्प करू नये. पण ते गोळीमुळेच दुखतात का, हे वेगळे तपासावे लागते. लंडनमध्ये एक अतिशय प्रामाणिक प्रयोग झाला आणि त्याचे निकाल २०२० मध्ये आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर बारा बाटल्या दिल्या. चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि चार महिने रिकामी बाटली. कोणत्या महिन्यात कोणती गोळी आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के इतका त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत तो बराच कमी होता. म्हणजे दुखणे खोटे नव्हते, पण ते बहुतांशी गोळीतल्या द्रव्याने नव्हे, तर गोळी घेतो आहोत या धास्तीने येत होते. हे स्वतःच्याच नोंदींत पाहिल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. पुढे २०२२ मध्ये अनेक मोठ्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्यातही स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूदुखीच्या साधारण पंधरा तक्रारींमागे एखादीच त्या गोळीमुळे असल्याचे दिसले.

ती एखादी तक्रार तुमच्या यजमानांचीही असू शकते, म्हणून तपासणी टाळू नये. रक्तात सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर), थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि साखर पाहून घ्या. कारखान्यात यंत्रांपाशी आठ-दहा तास उभे राहणे, उन्हाळ्यात पुरेसे पाणी न पिणे, झटक्यानंतर चालण्याची सवय मोडणे, यांनीही पोटऱ्या दुखतात. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर मोकळी होत असेल, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचीही शक्यता असते. तसे निघाले तर कोलेस्टेरॉलची गोळी सोडणे म्हणजे नेमके उलट केल्यासारखे होईल. दोन महिने गोळी बंद असताना पाय दुखायचे थांबले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. हे एकच उत्तर डॉक्टरांना पुष्कळ काही सांगेल. थांबले असतील, तर दुसरी स्टॅटिन छोट्या मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवता येते, आणि बहुतेकांना कोणती ना कोणती मात्रा सोसते. पुन्हा सुरू केल्यानंतर पाय लुळे पडल्यासारखे वाटले, स्नायू अतोनात दुखू लागले किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र वाट पाहू नका. हे क्वचित घडते, पण घडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टॅटिन चालू असताना दुसऱ्या कोणाकडून क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घ्यायची वेळ आली, तर स्टॅटिनविषयी त्यांना सांगा. दोन्ही एकत्र आल्याने स्नायूंना इजा होऊ शकते.

आता मी मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. माझ्या मते तुमच्या पत्रात इंजेक्शनापेक्षा फार मोठा प्रश्न दडलेला आहे. सासरे ४९ व्या वर्षी गेले, त्यांच्या मुलाला ५१ व्या वर्षी झटका आला, आणि औषध नसताना त्याचे एलडीएल २०४ होते. प्रौढ माणसात १९० च्या वरचा आकडा आणि घरात कमी वयातला हृदयविकार या दोन गोष्टी एकत्र आल्या, की आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घ्यावीच लागते. सुमारे अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला ही असते आणि बहुतेकांना ती असल्याचे ठाऊकही नसते. घंटागाड्या जन्मापासूनच कमी असतात, असे समजा. आईवडिलांपैकी एकाला ती असेल, तर प्रत्येक मुलात ती उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. डॉक्टरांना यजमानांच्या टाचेमागचा स्नायुबंध हाताने चाचपून पाहायला सांगा. या विकारात तो जाड होतो आणि दुखूही शकतो, आणि पायदुखीच्या तक्रारीत ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. पापण्यांवर पिवळसर चट्टे आहेत का, तेही दाखवा.

मुलाची आणि मुलीची, दोघांची लिपिड तपासणी या महिन्यात करून घ्या. ती उपाशीपोटीच करायला हवी असे नाही. आकडे व्यवस्थित निघाले, तर तुमची निम्मी चिंता तिथेच संपेल. मुलाचे १९० च्या वर, किंवा चौदा वर्षांच्या मुलीचे १६० च्या वर निघाले, तर घाबरण्याऐवजी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. हा विकार निश्चित झाला तर साधारण आठ-दहा वर्षांच्या वयापासूनही स्टॅटिन देता येते; मुलीच्या बाबतीत पुढे गरोदरपणात ही गोळी कशी हाताळायची, याची चर्चा योग्य वेळी डॉक्टर करतील. डॅलसच्या संशोधकांनी अभ्यासलेल्या त्या लोकांना जे जन्मतः लाभले, ते तुमच्या मुलांना विशीपासूनच्या एका स्वस्त गोळीने बऱ्याच अंशी मिळवून देता येईल. त्यांच्या आजोबांच्या काळात हे शक्य नव्हते. मुलाच्या शिक्षणाची एफडी तशीच ठेवून त्याच्या नावे तपासणीचे काही शे रुपये खर्च करा, असे मी आग्रहाने म्हणतो.

आणि तुमचे दीर! भावासाठी त्यांचा जीव तुटतो, म्हणून त्यांनी इंजेक्शनाची माहिती काढली. पण ज्या वडिलांचे वय तुम्ही पत्रात लिहिले आहे, ते त्यांचेही वडील होते. त्यांनी स्वतःचे एलडीएल कधी पाहिले आहे का? कृपया त्यांना आज रात्रीच विचारा.

यजमानांची आणखी एक तपासणी आयुष्यात एकदाच करायची आहे: लायपोप्रोटीन ए. हा एलडीएलसारखाच, पण अधिक खोडसाळ कण असतो. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते आणि आहाराने किंवा व्यायामाने ते फारसे हलत नाही. त्यावर पेलाकार्सेन, ओल्पासिरॅन अशी नवी औषधे मोठ्या चाचण्यांत तपासली गेली आहेत. आकडा ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघाला, तर आजच्या उपचारात फरक एवढाच, की एलडीएल आणखी कसोशीने खाली ठेवावे लागते.

एक सावधगिरी नव्या औषधांबद्दल, कारण इंटरनेटवर रोज काही तरी नवे येत असते. चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल वाढवणारे टोर्सेट्रॅपिब नावाचे एक औषध होते. ते एचडीएल वाढवत असे, एलडीएल उतरवत असे, कागदावर सारे उत्तम होते. सुमारे १५,००० लोकांवरील चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत असल्याचे दिसले आणि डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. औषधाने रक्तातला आकडा सुधारतो की माणूस वाचतो, हा प्रश्न प्रत्येक नव्या औषधाला विचारायला हवा. स्टॅटिनने माणसे वाचवून आणि एझेटिमाइबने झटके टाळून या प्रश्नाला उत्तर दिलेले आहे.

लसूण आणि अर्जुनसालीचा काढा यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण आपल्याकडे अशा वेळी ते घरात येतातच. भाजीत लसूण जरूर घाला. लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल यांच्या कॅप्सूल आणि रोझुव्हास्टॅटिनची अगदी छोटी, पाच मिलिग्रॅमची मात्रा यांची तुलना करणारी चाचणी २०२२ मध्ये झाली. छोट्या मात्रेने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले, कॅप्सूल घेणाऱ्यांत उल्लेखनीय फरक पडला नाही. काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. जेवणाचे म्हणाल, तर आपली ज्वारीची कडक भाकरी उत्तमच आहे. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसते, त्यामुळे शेंगाचटणी बंद करायची गरज नाही, फक्त तिच्यातले मीठ आणि वरून घेतलेले तेल बेताने ठेवा. वनस्पती तुपात तळलेले पदार्थ मात्र घरातून जाऊ द्यात. आहाराने एलडीएल थोडेच उतरते, आणि त्यांचे दोनशे आहारामुळे झालेले नाहीत. तेव्हा ताटावरून त्यांना दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका.

या आठवड्यात डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा. गोळ्या कधी बंद केल्या, पाय कधी दुखतात, बंद केल्यावर काय फरक पडला, हे एका कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर निम्मे विसरते. 'एझेटिमाइब जोडता येईल का, आणि किती आठवड्यांनी पुन्हा तपासायचे?' एवढे दोन प्रश्न स्वतःहून विचारा. साधारण सहा ते आठ आठवड्यांत नवा आकडा खरा काय तो कळतो. आणि शिबिराचा तो कपाटातला जुना कागद बरोबर घ्यायला विसरू नका. झटक्यानंतर लगेच केलेल्या तपासणीत एलडीएल खोटे कमी दिसू शकते, आणि गोळ्या सुरू झाल्यावरचे आकडे मूळ प्रकृती सांगत नाहीत. औषधाआधी त्यांचे कोलेस्टेरॉल किती होते, याचा घरातला सर्वांत जुना पुरावा तोच आहे, आणि मुलांचे अहवाल आले की डॉक्टरांना ते त्याच्याशेजारी ठेवून वाचावे लागतील.